आधी पोढी, मग मंडप

गेल्या मे महिन्यात जुन्नर तालुक्यातल्या एका ‘इको’ रिसॉर्टवर दोन रात्री राहिलो. खोली देखणी, मातीचा गिलावा, छताला बांबू. न्हाणीघरात एक पाटी होती : टॉवेल रोज धुवायला टाकू नका, पाणी वाचवा. पहाटे साडेपाचला जाग आली ती टँकर मागे घेताना वाजणाऱ्या भोंग्यानं. गॅलरीतून पाहिलं, तर स्विमिंग पूलच्या मागं मोठ्या टाकीत पाणी उतरवणं चाललं होतं. पाटी खोटी नव्हती, अर्धी होती.

त्याच दिवशी नाणेघाटात गेलो, आणि तो भोंगा दिवसभर डोक्यात राहिला.

नाणेघाट म्हणजे कोकणातून जुन्नरला चढणारी जुनी व्यापारी वाट. सोपारा, कल्याण या बंदरांत उतरलेला माल सातवाहनांच्या काळात या वाटेनं देशावर यायचा. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे; त्यात जकातीची नाणी टाकत, असं सगळे सांगतात. माथ्याच्या जरा खाली खडकात कोरलेली एक चौकोनी खोली आहे. १८२८ साली विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेला इथला शिलालेख पडला आणि अभ्यासकांची रीघ लागली. राणी नागनिकेचा हा लेख. यज्ञ किती केले, दक्षिणा म्हणून गाई, घोडे, हत्ती, कार्षापण किती दिले, याची भलीमोठी यादी त्यात आहे. आकडे लिहिलेले आहेत, म्हणून गणिताच्या इतिहासातही त्याला मान आहे. राजघराण्यातल्या माणसांचे पुतळेही तिथं होते; आता उरलीत ती पावलं आणि वरची नावं.

पण मला त्या दिवशी दिसलं ते दुसरंच. खोलीत भिंतींना लागून बसायला दगडी बाक, आणि बाहेर आसपास पाण्याची टाकी. घाट चढून घामाघूम झालेल्या माणसाला आणखी काय हवं असतं? सावली, टेकायला जागा, पाणी. दोन हजार वर्षांपूर्वीची ही सोय अजून चालू आहे. ट्रेकर आजही तिथल्या टाक्यातून बाटली भरतात.

या टाक्याला प्राकृतात ‘पोढी’ म्हणत. जुन्नरच्या भोवतीच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी आहेत, आणि तिथल्या दानलेखांत हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. मानमोडी डोंगरातला एक लेख महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा आहे. वर्ष ४६, म्हणजे शक संवत धरलं तर इ.स. १२४. त्यानं काय दिलं? ‘पोढी’ आणि ‘मटपो’, म्हणजे टाकं आणि मंडप. याच क्रमानं! इरिल नावाच्या एका यवनानं तर नुसत्या दोन पोढ्या दिल्या. खोली नाही, खांब नाहीत, पाणी तेवढं. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं दिलं, तर त्याच लेखात पोढीचीही नोंद आहे. (इथं खोल्या आधी आल्यात, हे कबूल करतो, माझं शीर्षक अयमाच्या भरवशावर आहे.)

हे पाण्याचं वेड उगाच नव्हतं. पश्चिमेच्या या कड्यांवर पावसाळ्यात नुसता धुडगूस असतो, पण बेसॉल्टचा कातळ पाणी धरून ठेवत नाही. चार महिने धबधबे आणि फाल्गुनात घसा कोरडा. म्हणून डोंगरातच पोट कोरायचं. पोढीचं तोंड लहान, आत मात्र ती खडकाखाली लांबरुंद पसरलेली. वरून ऊन पडत नाही, वारा लागत नाही, त्यामुळे पाणी कमी उडतं आणि थंड राहतं. कड्यावरून येणारं पाणी पन्हळीनं तिच्यात सोडायचं. दर पावसाळ्यात भरते, आणि जेवढी भरली तेवढ्यातच वर्ष काढायचं. खालच्या गावाच्या विहिरीवर बोजा नाही.

तो सुवर्णकाळ होता, असं मला म्हणायचं नाही. लेणी भिक्षूंची होती, पैसा व्यापाऱ्यांचा आणि अधिकाऱ्यांचा. लेखांत नावं आहेत ती दात्यांची. छिन्नी धरणाऱ्या हाताचं नाव शोधून सापडत नाही. पण पाहुण्याला जागा द्यायची तर त्याच्या पाण्याची तजवीज यजमानानं स्वतः करायची, एवढा हिशेब तेव्हा दगडात कोरला जात होता.

एकोणिसाव्या शतकात हाच हिशेब एका डॉक्टरानं वेगळ्या बाजूनं मांडला. अलेक्झांडर गिब्सन, कंपनी सरकारचा शल्यचिकित्सक, पुढं १८४७ पासून मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक. जुन्नरजवळ हिवऱ्याला त्याची वनस्पतिबाग होती. झाडं तोडली की झरे आटतात, हे तो सरकारला लिहून कळवत होता.

मग आली धरणं. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, आणि आंबेगावात घोड नदीवरचं डिंभे. डिंभ्याच्या पाण्यात खुद्द आंबेगाव बुडालं. ज्या गावाच्या नावानं तालुका आहे ते गावच जलाशयाच्या तळाशी. कुकडी प्रकल्पाचं पाणी कालव्यांनी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातं. वरच्या अंगाला राहिलेल्या महादेव कोळी वाड्यांना मात्र धरण डोळ्यांना दिसतं आणि उन्हाळ्यात हंडा रिकामा असतो.

अशा मुलखात आपण ‘निसर्गाच्या कुशीत’ राहायला जातो. २०१८ मध्ये सरकारनं जुन्नरला पर्यटन तालुका जाहीर केलं, २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आलं. दोन्ही चांगलंच, द्राक्षाच्या आणि टोमॅटोच्या भावावर जगणाऱ्या घराला चार पैसे वेगळे मिळतात. पण आलिशान आणि पर्यावरणस्नेही हे दोन शब्द एका जाहिरातीत बसवताना पाणी कुठं जातं ते पाहा. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल असा साधाच पूल धरला, तरी साडेबासष्ट हजार लिटर होतात. जलजीवन मिशनचं उद्दिष्ट माणशी दिवसाला ५५ लिटर आहे. म्हणजे सुमारे अकराशे माणसांचं एका दिवसाचं पाणी त्या निळ्या चौकोनात उभं, तेही उघड्यावर, मेच्या उन्हात. पोढीच्या नेमकं उलट.

सौरदिवे, प्लास्टिकबंदी, कंपोस्टचा खड्डा, सेंद्रिय भाजी हे सगळं मला आवडतं, आणि त्याचे जास्त पैसे मोजायला माझी ना नाही. पण छतावरचं पावसाचं पाणी साठवता का, बोअर किती खोल गेलाय, टँकर कोणत्या गावाच्या विहिरीवर भरतो, हे बुकिंगच्या पानावर कुठंच नसतं. तिथं पूलचे फोटो मात्र बारा असतात.

यंदा एप्रिलअखेर आंबेगावात, आहुप्याच्या देवराईकडं जायचं ठरवलं. वाटेत मुक्कामासाठी तीन ठिकाणी फोन केला आणि एकच प्रश्न विचारला : पाणी कुठलं? पहिल्या ठिकाणी उत्तर मिळालं, “सर, चोवीस तास गरम पाणी आहे.” दुसरीकडं म्हणाले, मॅनेजरला विचारून कळवतो, अजून कळवतायत. तिसरा फोन एका शेतकऱ्याच्या घरचा होता. घरातल्या काकूंनी उचलला.

“विहिरीचं हाये,” त्या म्हणाल्या. “पण दादा, तुम्ही दिवाळीनंतर या. होळी झाली की आम्ही पाव्हणं घेत नाय. जनावरांनाच पुरत नाय तवा.”

नोव्हेंबरच्या दोन रात्री सांगून ठेवल्यात.