गाळात साठलेला पाऊस

पर्जन्यमापक येण्याआधीच्या पावसाचा माग काढण्याची विद्या आटलेल्या तळ्यांच्या काठी जन्मली. अमेरिकेतील ग्रेट सॉल्ट लेकभोवतीच्या डोंगरउतारांवर जुन्या किनाऱ्यांच्या खुणा आहेत. त्यांवरून ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी १८९० साली लुप्त झालेल्या बॉनव्हिल सरोवराचा इतिहास मांडला. स्वीडनमध्ये गेरार्ड डी गीर यांनी हिमनद्यांच्या वितळपाण्याने तळ्यांत दरवर्षी टाकलेले मातीचे थर मोजून कालगणना केली. १९१६ मध्ये लेनार्ट फॉन पोस्ट यांनी थरांतील परागकणांवरून जुनी वनस्पतीसृष्टी ओळखून दाखवली. विलर्ड लिबी यांच्या किरणोत्सारी कार्बनच्या पद्धतीमुळे १९४९ नंतर या थरांचे वयही ठरवता येऊ लागले.

महाराष्ट्रात या पद्धतींना लोणारचे सरोवर सापडले. उल्काघाताच्या खळग्यातील या तळ्यातून पाणी बाहेर वाहत नाही. पाऊस घटला की पाणी उतरते, क्षार दाटतात आणि गेल्युसाइट या खनिजाचे स्फटिक गाळात तयार होतात. तळातून काढलेल्या सुमारे १० मीटर गाळात ते ४६०० ते ३९०० आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वीच्या थरांत आढळले.

बीड जिल्ह्याच्या जुन्या पावसाची नोंद मात्र तळ्यात नसून समुद्रात आहे. तिथल्या बालाघाट डोंगररांगेच्या उत्तरेकडचे पाणी सिंदफणेतून आणि दक्षिणेकडचे मांजरेतून गोदावरीला मिळते. त्याबरोबर काळी माती आणि पालापाचोळा बंगालच्या उपसागराकडे जातो. २००६ मध्ये गॅस हायड्रेटच्या (बर्फासारख्या घनरूपात अडकलेल्या इंधनवायूच्या) शोधमोहिमेत ‘जॉइडेस रेझोल्यूशन’ जहाजाने गोदावरीच्या मुखासमोर सुमारे १२७० मीटर खोल पाण्याखालचा गाळ काढला. त्यात पानांवरचे मेण टिकून होते. झाडे आणि कोरड्या, उष्ण हवेत तगणारी गवते कार्बन वेगवेगळ्या रीतीने बांधतात, म्हणून त्यांच्या मेणातील कार्बन-१३ चे प्रमाणही वेगळे असते. कॅमिलो पाँटन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले, की सुमारे ४००० वर्षांपूर्वीपासून खोऱ्यात कोरड्या हवेत तगणाऱ्या वनस्पती वाढत गेल्या आणि १७०० वर्षांपूर्वीपासून त्यांचे प्राबल्य टिकून राहिले. लिव्हिउ जिओसान यांच्या गटाने २०१७ मध्ये मातीचा उगम सांगणाऱ्या निओडिमियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांवरून त्याच गाळात दख्खनच्या मातीचा वाटा वाढल्याचे दाखवले. वनस्पतींचे आवरण विरळ होऊन धूप वाढल्याचा हा पुरावा आहे.

ही नोंद मिलिमीटरमध्ये पाऊस सांगत नाही, आणि ती एकट्या बीडची नसून सगळ्या खोऱ्याची आहे. शिवाय जंगलतोड आणि शेतीनेही वनस्पती बदलतात. म्हणून एका नोंदीवर न विसंबता लोणारसारख्या स्वतंत्र नोंदीशी ती ताडून पाहतात. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या कोरडेपणाबाबत या दोन्ही नोंदी जुळतात.