मोटारसायकलची उंची कमी करणे : तंत्र, जोखीम आणि कायदा

उत्तर प्रदेशातील झाशी येथे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ आणि २७ एकमेकांना छेदतात. 'यूपी ९३' या क्रमांकाने नोंदल्या जाणाऱ्या येथील दुचाकींना महामार्गावरील वेग आणि गल्लीबोळांतील गतिरोधक अशा दोन्ही परिस्थितींना तोंड द्यावे लागते. उंचीने कमी असलेल्या चालकाचे पाय जमिनीवर पूर्ण टेकावेत, यासाठी मोटारसायकलचे मागील शॉकॲब्सॉर्बर आखूड करण्याचा मार्ग काही जण स्वीकारतात. मात्र, या एका बदलाचा परिणाम संपूर्ण वाहनावर होतो.

शॉकॲब्सॉर्बरमध्ये स्प्रिंग वाहनाचा भार पेलते, तर आतील तेल तिची हालचाल संथ करते. मागील भाग ५० मिलिमीटरने खाली आणल्यास दोन चाकांच्या मध्यभागी वाहन सुमारे निम्मेच, म्हणजे २५ मिलिमीटर उतरते. त्यामुळे बैठकीची उंची अपेक्षेइतकी कमी होत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर असते. मागे सहप्रवासी असताना अशा गतिरोधकावर इंजिनचा तळ किंवा सायलेन्सर घासण्याची शक्यता वाढते. स्प्रिंगची हालचाल अपुरी राहिल्यास चाक मडगार्डला लागू शकते.

दोन चाकांमधील अंतर १३०० मिलिमीटर असल्यास या बदलाने वाहन सुमारे २ अंशांनी मागे कलते. परिणामी हेडलाइटचा झोत २५ मीटर अंतरावर सुमारे एक मीटर वर जातो आणि समोरून येणाऱ्या चालकाचे डोळे दिपतात. पुढील फोर्क अधिक तिरका झाल्याने हँडल जड वाटते आणि वाहन वळणावर सावकाश वळते. साइड स्टँड तुलनेने लांब ठरून उभे वाहन विरुद्ध बाजूला कलंडू शकते. साखळीचा ताणही पुन्हा तपासावा लागतो.

स्प्रिंगची वेटोळी कापणे हा सर्वांत धोकादायक उपाय होय. वेटोळी कमी झाल्यावर उरलेली स्प्रिंग अधिक कडक होते आणि तिचे कापलेले टोक आपल्या जागी नीट बसत नाही. वायुदाब असलेला शॉकॲब्सॉर्बर कापणे अथवा त्यास वेल्डिंग करणे जिवावर बेतू शकते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनमालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ स्पष्ट केला. २०१९ मध्ये दुरुस्त झालेल्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दिव्यांग व्यक्तींच्या वापरासाठी अनुकूलित वाहनाची तरतूद मात्र कायद्यात आहे. त्यामुळे कोणताही बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयाकडे विचारणा करणे हिताचे ठरते.

बैठकीतील फोम कमी करून घेणे, हा वाहनाच्या रचनेला धक्का न लावणारा पर्याय आहे. नवीन वाहन घेताना बैठकीची उंची पाहणे त्याहून श्रेयस्कर. रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० ची बैठक ८०५ मिलिमीटर, तर बजाज अ‍ॅव्हेंजरची ७३७ मिलिमीटर उंच आहे. कोणतीही सुटी वस्तू न कापता मिळणारा हा फरक जवळपास ७ सेंटिमीटरचा आहे.