कुंचा, केस आणि नायलॉन

तेरखेड्याची ओळख फटाक्यांची. दिवाळी जवळ आली की गाव मालाच्या गडबडीत असतं आणि घरं रंगाच्या. फटाक्यांवर पुष्कळ बोललं जातं. मला बोलायचंय ब्रशवर, कारण भिंतीवर फिरलेल्या तीन ब्रशांमध्ये तीन काळ आहेत.

पहिला कुंचा. केकताडाच्या, म्हणजे घायपाताच्या पानांतून निघणारा वाख बांधून तो करायचे. आपण त्याला अस्सल गावठी समजतो, पण घायपात मूळचं मेक्सिकोकडचं, युरोपीय जहाजांच्या काळात इकडे आलेलं. वाखच का? चुन्याच्या निवळीचा सामू १२ च्या वर. केस म्हणजे प्रथिन. चुन्यात ते खराब होऊन झडतात. वाख टिकतो.

दुसरा डुकराच्या केसांचा. प्रत्येक केसाचं टोक फाटलेलं असतं, म्हणून तो ऑइलपेंट भरपूर धरतो आणि सारखा पसरवतो. जगाला हे केस मुख्यतः चीन पुरवायचा. आपल्याकडे कानपूर मोठं केंद्र. १९४२ मध्ये मुंबईत एशियन पेंट्स सुरू झाली आणि १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी तिच्यासाठी हातात ब्रश घेतलेला गट्टू काढला. डब्यातला रंग घराघरांत ओळखीचा झाला.

तिसरा नायलॉनचा. १९३८ मध्ये ड्यूपाँटचं नायलॉन आधी टूथब्रशमध्ये आलं. महायुद्धात अमेरिकेला चिनी केस मिळेनात, तेव्हा ते रंगाच्या ब्रशातही शिरलं. पुढे पाण्यात मिसळायचे इमल्शन आले आणि त्याची जागा पक्की झाली: केस पाण्यानं मऊ पडतात, नायलॉन ताठ राहतं.

म्हणजे ब्रशच्या आधी रंग ठरवायचा आणि रंगाच्या आधी भिंत बघायची. आमच्या जुन्या घराच्या भिंती मातीच्या. बाबांना ऑइलपेंट हवा, पुसता येतो म्हणून. आजी चुन्यावर अडून. बरोबर आजीचंच आहे. मातीची भिंत पावसाळ्यात ओल धरते. चुन्यातून ती बाहेर पडते. ऑइलपेंटखाली अडकते आणि मातीसकट पोपडे निघतात. तेव्हा सिमेंटच्या नव्या खोलीला इमल्शन, दार-खिडक्यांना ऑइलपेंट, मातीला चुना.

दोन ब्रश दुकानात मिळाले, कुंचा मिळाला नाही. केकताड बांधावर अजून आहे, वाख काढणारे हात कमी झालेत. आजीचे चालतात तोवर मी शिकून घेणार आहे.