कर्ण्यामागचें लोखंड

वजन कमी झालें कीं वस्तूचें मोलहि कमी झालें, असा आपल्या लोकांचा जुना समज आहे. सोन्याचांदीपासून तांब्यापितळेच्या हंड्यापर्यंत तो बहुतेक ठिकाणीं खराहि ठरतो. विजेच्या यंत्रांच्या बाबतींत मात्र गेल्या साठ-सत्तर वर्षांत तो पार उलटा झाला. आणि सभांतून, जत्रांतून व तमाशाच्या फडांतून माणसाचा आवाज वाढवून देणारें जें यंत्र, तें याचें ठळक उदाहरण होय. पुस्तकी भाषेंत त्यास ध्वनिवर्धक म्हणतात. व्यवहारांत त्याचें नांव ॲम्प्लिफायर, आणि त्याच्या तारेच्या टोकाला असतो तो कर्णा. हें यंत्र व्हॉल्व्हचें होतें तेव्हां तें उचलतांना धडधाकट गड्यासहि दम लागे. ट्रांझिस्टरचें झालें तेव्हां तें काखेंत मारून नेतां येऊं लागलें. हा पालट आपल्याकडे इतका मुकाट्यानें झाला, कीं त्याला कांहीं इतिहास आहे असेंच कोणास वाटलें नाहीं. आम्हांस तसें वाटतें, म्हणून हा खटाटोप.

पाश्चात्त्य देशांत हाच पालट मुळींच मुकाट्यानें झाला नाहीं. तेथें विजेची गिटार वाजविणारे लोक व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरवर अजून जीव टाकतात. इंग्लंडांतील व्हॉक्स कंपनीचें प्रसिद्ध ‘एसी ३०’ हें यंत्र अवघ्या ३० वॉटचें, पण स्पीकरांसह त्याचें वजन तीस किलोंच्या घरांत जातें. तरुणपणीं तें जिन्यावरून चढविणारे वादक उतारवयांत हलक्या यंत्राकडे वळतात, आणि वळतांना आपण कांहींतरी पातक करीत आहों असा त्यांचा चेहरा असतो. याचें कारण उघड आहे. गिटारीची तार स्वतः फारशी वाजतच नाहीं. वाजतें तें यंत्र. त्यास त्याच्या शक्तीबाहेर राबविलें म्हणजे व्हॉल्व्ह आवाजाच्या लहरीचें टोक हळूहळू वाटोळें करतो, तर साधा ट्रांझिस्टर तेंच टोक कात्रीनें कापावें तसें कापून टाकतो. पहिला बिघाड कानाला गोड लागतो, दुसरा खुपतो. सारांश, गिटारवाल्यास यंत्र बदलणें म्हणजे अर्धें वाद्यच बदलणें होय. आमच्याकडे या यंत्राचें नातें वाद्याशीं नव्हे, शब्दाशीं जडलें. तें वाद्य नव्हतें, चाकर होतें. चाकर बदलला तर घरांत रडारड होत नाहीं.

हा चाकर आपल्या देशांत आला तो राजकीय सभेच्या निमित्तानें. सिंधमधील सक्कर येथें १९०९ सालीं विजेच्या सामानाचा धंदा सुरू करणारें मोटवाने कुटुंब १९१९ सालीं मुंबईस आलें, आणि पुढें ‘शिकागो रेडिओ’ या नांवानें तें घरोघर माहीत झालें. नांव अमेरिकन शहराचें, मालक सिंधी, पेढी मुंबईची! या घराण्यांतील नानिक मोटवाने यांनीं गांधीजींच्या सभांतून मागच्या लोकांस कांहींच ऐकूं येत नाहीं हें पाहून ध्वनिवर्धकाचा ध्यास घेतला, आणि १९३१ च्या कराची काँग्रेसमध्यें त्यांचे कर्णे लागले. ता. ८ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईस गवालिया टँकच्या मैदानावर ‘छोडो भारत’चें भाषण लोकांनीं ऐकलें, तेंहि याच पेढीच्या कर्ण्यांतून. त्याच वर्षीं उषा मेहता व त्यांच्या सोबत्यांनीं चालविलेल्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या खटल्यांत नानिक मोटवानेहि आरोपी होते. ते निर्दोष सुटले. यंत्र विकणारा व्यापारी यंत्रापायीं आरोपीच्या पिंजऱ्यांत उभा राहावा, यावरून त्या काळीं आवाज मोठा करणें ही केवढी जोखमीची गोष्ट होती हें ध्यानांत येईल.

आमच्या सातारा जिल्ह्यांत त्याच सुमारास दुसरें एक राज्य चाललें होतें. १९४३ पासून १९४६ पर्यंत क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालीं जें प्रतिसरकार चाललें, त्याच्या भूमिगत बैठकांस कर्णा कोठला? तेथें उघडा गळा, पोवाडा आणि शाहिराची डफ हींच साधनें. कर्ण्याला वीज लागते, गाडी लागते, भाड्याचे पैसे लागतात, आणि मुख्य म्हणजे तो लपवितां येत नाहीं. ज्यांस उघडपणें बोलण्याची मुभा होती त्यांचाच आवाज तो वाढवूं शके. ही गोष्ट पुढें जें घडलें तें समजण्यासाठीं लक्षांत ठेवली पाहिजे.

आतां तें यंत्र एवढें जड कां असे, हें पाहूं. त्यासाठीं वाचकांस आम्ही रहिमतपुरास नेतों. पुणें-मिरज लोहमार्गावर कोरेगांवच्या पुढलें हें जुन्या बाजारपेठेचें गांव. येथील नगरपालिका १८५३ सालची, आणि नाटककार वसंत कानेटकर यांचें हें जन्मगांव. विजापूरच्या महंमद आदिलशहाचा सरदार रणदुल्लाखान याच्या नांवानें ओळखली जाणारी कबर व मशीद येथें आहे, आणि तिच्यापासून थोड्या अंतरावर पाणी वर चढविण्याचा सुमारें ५० फूट उंचीचा दगडी मनोरा आहे. पाणी खालून उपसून एवढ्या उंचीवर न्यावयाचें, आणि मग त्याच्या दाबानें मशिदीच्या हौदांतील कारंजें उडवावयाचें, अशी ती योजना. कारंज्याची धार बारीक; पण त्या बारीक धारेसाठीं केवढें हें दगडांचें धूड उभारावें लागलें!

व्हॉल्व्हची तऱ्हा नेमकी अशीच आहे. फ्लेमिंग यांनीं १९०४ सालीं व डी फॉरेस्ट यांनीं १९०६ सालीं सिद्ध केलेली ही कांचेची निर्वात नळी म्हणजे बारीक धारेची आणि मोठ्या दाबाची मालकीण. तिच्यांतून वाहणारा प्रवाह अँपिअरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, परंतु तो वाहविण्यास तीनशें-चारशें व्होल्टांचा दाब लागतो. शिवाय आंतील तार सतत तापलेली ठेवावी लागते, ती वीज निराळीच. हा दाब उत्पन्न करण्यास लोखंडी पट्ट्यांचें व तांब्याच्या वेटोळ्यांचें एक भलें मोठें रोहित्र हवें. एवढ्यानें भागत नाहीं. स्पीकरच्या वेटोळ्यास हवी असते ती याच्या उलट वस्तु: थोडा दाब आणि भरपूर प्रवाह. म्हणून यंत्राच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर दुसरें रोहित्र बसवावें लागे, आणि आवाजाच्या मंद्र स्वरांस तें पुरे पडावें तर त्यांतहि लोखंड सढळ घालावें लागे. यंत्राचें ओझें होतें तें या दोन लोखंडी पहारेकऱ्यांचें. कांचेच्या नळ्या बिचाऱ्या हाताच्या तळव्यावर मावत.

१९४७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत बार्डीन, ब्रॅटेन व शॉक्ली यांच्या हातून ट्रांझिस्टर जन्मास आला, आणि हा सगळा हिशेब बदलला. ट्रांझिस्टर थोड्या दाबावर पुष्कळ प्रवाह सोडतो. तीस वॉटच्या यंत्रास चाळीस-पन्नास व्होल्ट पुरतात, आणि स्पीकरला लागणारे दोन-तीन अँपिअर तो स्वतःच देतो. मधल्या दलालाची गरज राहत नाहीं. तापविण्याची तार नाहीं, अर्धा मिनिट वाट पाहणें नाहीं. मनोरा न बांधतां पाटाचें पाणी वळवून घ्यावें तसा हा प्रकार झाला. आरंभीचे ट्रांझिस्टर जर्मेनियमचे असत व उन्हाळ्यापुढें टिकाव धरीत नसत. सिलिकॉनचे स्वस्त झाल्यावर ती अडचण मिटली.

भारताच्या वाट्याला या बाबतींत एक मौज आली. बंगळूर येथील भारत इलेक्ट्रॉनिक्स हा सरकारी कारखाना १९५४ सालीं स्थापन झाला, आणि १९६० नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच त्यांत व्हॉल्व्ह व ट्रांझिस्टर हे दोन्ही पाठोपाठ तयार होऊं लागले. म्हणजे व्हॉल्व्हचा देशी धंदा जन्मला तोच सवतीला कडेवर घेऊन.

खेड्यापाड्यांत या बदलाचा अर्थ शहराहून निराळा होता. कोयनेची वीज १९६२ च्या सुमारास निर्माण होऊं लागली, पण ती प्रथम मुंबई-पुण्याच्या गिरण्या-कारखान्यांकडे धांवली. धरणाच्या जिल्ह्यांतील सर्व गांवांत दिवा लागण्यास पुढें कित्येक वर्षें गेलीं. अशा गांवांत व्हॉल्व्हचें यंत्र चालवावयाचें तर मोटारीची १२ व्होल्टांची बॅटरी घ्यावयाची, तिचा दाब वाढविणारें दुसरें कुरकुरणारें यंत्र जोडावयाचें, आणि बॅटरी केव्हां मान टाकील याची धास्ती बाळगीत सभा चालवावयाची. ट्रांझिस्टरचें यंत्र त्याच बॅटरीवर सरळ चालूं लागलें, आणि पुष्कळ वेळ चालूं लागलें. बैलगाडीचें काम सायकलवर आलें. ता. ६ ऑक्टोबर १९६३ रोजीं सांगलीचें आकाशवाणी केंद्र सुरू झालें, आणि पुढें हातांतल्या ट्रांझिस्टर रेडिओनें बाहेरचा आवाज गांवांत आणला, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु हलक्या ॲम्प्लिफायरनें गांवाचा स्वतःचा आवाज गांवाबाहेर नेला, याची नोंद कोणी घेत नाहीं. ग्रामपंचायतीची निवडणूक लढविणारा साधा शेतकरी, हरिनाम सप्ताहाचे कीर्तनकार, गणेशोत्सवांतील पोरसवदा वक्ते, यांच्या हातीं ध्वनिवर्धक आला तो वजन उतरल्यावर.

हलकेपणाची किंमतहि होती. व्हॉल्व्ह गेला तर दुकानदार मुलगासुद्धां दिव्याचा गोळा बदलावा तसा नवा बसवी. ट्रांझिस्टर गेला तर डाग देणारा कारागीर हवा. दोघांच्या खोडीहि उलट. व्हॉल्व्हच्या यंत्रास रितेपण सोसत नाहीं: कर्णा जोडल्यावांचून तें जोरानें चालविलें तर बाहेरच्या रोहित्राचा घात होतो. ट्रांझिस्टरास तारांची गळाभेट सोसत नाहीं. दोन तारा एकमेकींस चिकटल्या कीं जुन्या धर्तीचें यंत्र क्षणांत निकामी होई. जत्रेंत तारा पायदळीं तुडविल्या जातात आणि चिकटतात हा रोजचा अनुभव. तेव्हां पहिल्या पिढीच्या ट्रांझिस्टर यंत्रांस नांवें ठेवणारे लोक निव्वळ जुन्याचे अभिमानी होते असें म्हणणें अन्यायाचें होईल.

कलावंतांवर याचा परिणाम काय झाला, हा प्रश्न वादाचा आहे. तमाशांत गाणाराच्या मागें उभा राहून स्वर धरून ठेवणारा झीलकरी असे. मुख्य गाणाराचा दम वाचविणें हेंहि त्याचें एक काम. सांगलीजवळच्या कवलापूरच्या काळू-बाळूंसारख्या विनोदी नटांचें सामर्थ्य शब्दाच्या फेकींत होतें, आणि ती फेक शेवटच्या रांगेपर्यंत पोंचविण्याचें शिक्षण ध्वनिवर्धकानें हळूहळू अनावश्यक केलें. आमच्या मतें यांत नुकसान झालें, पण तें जितकें सांगतात तितकें नव्हे. ज्याचा गळा नाजूक पण बुद्धि तीक्ष्ण, अशा कलावंतास पूर्वीं उघड्या मैदानांत स्थानच नव्हतें. तें त्यास मिळालें.

खरें नुकसान निराळ्याच जागीं झालें. यंत्र जड होतें तोंवर गांवांत एखादेंच असे, तेंहि प्रसंगानें येई व प्रसंग संपला कीं परत जाई. हलकें व स्वस्त झाल्यावर तें प्रत्येक मंडळाच्या, प्रत्येक देवळाच्या व मशिदीच्या, प्रत्येक लग्नघराच्या मालकीचें झालें आणि परत जाण्याचें विसरलें. अखेर सरकारास २००० सालीं ध्वनिप्रदूषणाचे नियम करावे लागले: रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धक वाजवूं नये, ठराविक सणांचा अपवाद. सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं या बंदीवर शिक्कामोर्तब केलें. १९४२ सालीं आवाज मोठा करणारास परकी सरकारनें आरोपी केलें. आतां त्यास शेजारीच पोलिसांत ओढूं लागले.

राहतां राहिला लोखंडाचा प्रश्न. जेथें तारा दूरवर न्यावयाच्या, तेथें सभेच्या यंत्रांत ट्रांझिस्टर आल्यावरहि बाहेरचें रोहित्र पुष्कळ वर्षें टिकलें, कारण लांब तारेंत शक्ति वायां जाऊं नये म्हणून दाब १०० व्होल्टांपर्यंत चढवावा लागतो. अलीकडच्या यंत्रांनीं विजेला सेकंदांत हजारों वेळां तोडून-जोडून आंत येणाऱ्या वाटेवरचें रोहित्रहि मुठीएवढें केलें, आणि १९८० नंतरच्या निओडिमियम लोहचुंबकांनीं स्पीकरचा भार उतरविला. कर्ण्याचा आकार मात्र कोणास लहान करतां आला नाहीं. माणसाच्या आवाजांतील ३०० कंपनांच्या स्वराची लहर हवेंत एक मीटरहून लांब असते, आणि तिला वाट करून देण्यास तोंड रुंद व आंतील मार्ग लांबच लागतो. म्हणून तो मार्ग घडी घालून आंत मुडपतात, आणि भोंगा पत्र्याचा वा ॲल्युमिनियमचा करून खांबावर चढवितात, तो अजून तेवढाच मोठा दिसतो.