तीनशे दहा रुपयांचा दिवा

निळा प्रकाश देणारा कार्यक्षम डायोड बनवल्याबद्दल इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या डायोडवर फॉस्फरचा थर दिला की निळ्या प्रकाशाचा काही भाग पिवळा होतो आणि दोन्ही मिळून डोळ्यांना पांढरा प्रकाश दिसतो. साठ वॅटच्या तारेच्या दिव्याचे काम नऊ वॅटचा एलईडी दिवा करू लागला तो यामुळेच.

पण शोध लागला म्हणून तो घराघरांत पोचतोच असे नाही. दिवा महाग म्हणून गिऱ्हाईक कमी, गिऱ्हाईक कमी म्हणून उत्पादन थोडे आणि उत्पादन थोडे म्हणून दिवा महाग, असे हे चक्र होते.

आपल्या देशात ते फोडले सार्वजनिक खरेदीने. वीजक्षेत्रातील चार सरकारी कंपन्यांनी २००९ साली ईईएसएल ही कंपनी स्थापन केली होती. तिने २०१४ च्या सुरुवातीला एलईडी दिव्यांची घाऊक खरेदी केली, तेव्हा एका दिव्याला ३१० रुपये पडले. जानेवारी २०१५ मध्ये योजना देशभर सुरू झाली. पुढे तिला ‘उजाला’ हे नाव मिळाले. मागणी लाखांवरून कोटींवर गेली आणि २०१६ साली खरेदीचा भाव ३८ रुपयांवर आला. ग्राहकाला अनुदान नव्हते. अनेक ठिकाणी दहा रुपये भरून दिवा मिळे, बाकीची रक्कम वीजबिलातून हप्त्याहप्त्याने फेडायची. या योजनेत छत्तीस कोटींहून अधिक दिवे वाटले गेले.

भाव उतरण्याचे सारे श्रेय या खरेदीला देता येणार नाही. जगभरच एलईडीच्या चकत्या स्वस्त होत होत्या. पण मोठ्या मागणीची खात्री असली की कारखानदार यंत्रसामग्रीत पैसा घालतो, आणि ती खात्री या खरेदीने दिली. शिवाय निविदेत केवळ दर पाहिला नव्हता. दिव्याचा दर्जा ठरवून दिला होता आणि मुदतीत बिघडलेला दिवा बदलून देण्याची अट होती.

वर्गात एक गणित जरूर घालावे. साठऐवजी नऊ वॅटचा दिवा रोज चार तास लावला, तर वर्षाला किती वीज वाचेल? ५१ × ४ × ३६५ भागिले १०००, म्हणजे सुमारे ७४ युनिट.

आता हेच गणित शाळेच्या पंख्यांना लावून पाहा. नेहमीचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, नव्या बीएलडीसी मोटरचा सुमारे ३० वॅट. दुसरा महाग असतो, म्हणून तीन दरपत्रकांत तो मागे पडतो. खरेदीची रक्कम एका खात्यातून जाते आणि वीजबिल दुसऱ्या, त्यामुळे दोन्हींची बेरीज कोणी करीत नाही. पंख्याची किंमत आणि तो चालेल तितक्या वर्षांचे वीजबिल एकत्र मांडले, तर सर्वांत कमी दर कोणता, याचे उत्तर अनेकदा बदलते. खरेदी समितीच्या पुढच्या बैठकीत ही बेरीज विद्यार्थ्यांनीच मांडली तर?