जुनी मर्सिडीज स्टार्टच होत नाहीये? पाकीट काढण्याआधी कान द्या

१९९५ मध्ये पुण्यात टेल्कोच्या कारखान्यात भारतातली पहिली मर्सिडीज जोडून तयार झाली. ते ई-क्लासचं डब्ल्यू१२४ मॉडेल. त्या गाड्यांनी आता तिशी गाठली आहे. अशी जुनी लक्झरी गाडी आज नव्या हॅचबॅकपेक्षाही स्वस्तात मिळू शकते. सुटे भाग मात्र मर्सिडीजच्याच भावाने येतात. त्यामुळे एखाद्या सकाळी गाडी स्टार्ट झाली नाही की खरी भीती बिघाडाची नसते, चुकीचा पार्ट बदलला जाण्याची असते. फ्युएल पंप नवा बसवला, बिल भरलं आणि दोष निघाला एका रिलेमध्ये, असं या गाड्यांत सहज घडतं.

आधी आवाज ऐका

चावी फिरवल्यावर काय ऐकू येतं, यावरच अर्धं निदान होतं. काहीच आवाज नाही, नुसता ‘टक’ असा आवाज येतो, की सेल्फ व्यवस्थित फिरतोय पण इंजिन पेट घेत नाही? हे तीन वेगवेगळे आजार आहेत.

काहीच आवाज नसेल तर ऑटोमॅटिक गाडी ‘पी’ऐवजी ‘एन’मध्ये टाकून पुन्हा चावी फिरवावी. एनमध्ये सेल्फ लागला, तर गिअर कुठे आहे हे सांगणारा स्विच खराब असण्याची शक्यता मोठी. हा प्रयोग फुकट आहे आणि तरीही बरेच जण तो करत नाहीत.

बॅटरी: नुसते दिवे लागणं पुरेसं नाही

‘दिवे लागतायत, म्हणजे बॅटरी ठीक आहे’ हा सर्वात मोठा गैरसमज. दिव्यांना थोडा करंट पुरतो, सेल्फला मात्र शेकडो अँपिअर लागतात. साध्या मल्टीमीटरने मोजलं तर पूर्ण चार्ज बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली आकडा असेल तर ती जवळपास उतरलेली आहे. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी थकली आहे. आकडा चांगला असूनही नुसता ‘टक’ आवाज येत असेल, तर बॅटरीची टर्मिनल्स आणि इंजिनची अर्थिंगची पट्टी तपासावी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तिथे गंज चढतोच.

अनेक बीएमडब्ल्यू गाड्यांत बॅटरी बॉनेटखाली नाही, डिकीत असते. ती शोधण्यातच पहिली दहा मिनिटं जातात!

सेल्फ फिरतो, पण इंजिन सुरू होत नाही

खरा गुंता इथे आहे. पेट्रोल इंजिनाला इंधन आणि योग्य वेळी ठिणगी, या दोन गोष्टी हव्यात. यातली कोणती पोहोचत नाही ते आधी ठरवायचं.

चावी ऑन करताच मागून एक-दोन सेकंद पंपाची घरघर ऐकू यायला हवी. डब्ल्यू१२४ चा पंप गाडीच्या खाली, मागच्या उजव्या चाकाजवळ असतो, त्यामुळे एकाने चावी फिरवायची आणि दुसऱ्याने मागे कान द्यायचा. आवाज नाही म्हणून लगेच पंपावर आळ घेऊ नये. आधी फ्यूज, मग रिले. या रिलेच्या आतल्या सर्किटवरचे डाग, म्हणजे सोल्डरचे जोड, वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तडकतात. वरून रिले अगदी ठणठणीत दिसतो.

याच मालिकेतल्या अनेक पेट्रोल गाड्यांत बॅटरीच्या मागच्या कप्प्यात चंदेरी डबीसारखा आणखी एक रिले असतो. जादा व्होल्टेजपासून इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक्सला वाचवणं हे त्याचं काम, पण तो स्वतःच मेला की इंजिन कंट्रोल युनिटला वीजच मिळत नाही. डॅशबोर्डवर एबीएसचा दिवाही लागलेला असेल तर संशय आधी इथे घ्यावा. त्याच्या डोक्यावरचा छोटा फ्यूज पाहायला विसरू नये.

गाडी थंड असताना झटकन सुरू होते, पेट्रोल भरायला थांबलं की पुन्हा लागत नाही आणि अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशी सुरू होते? मग क्रँकशाफ्ट सेन्सर तपासा. गरम झाल्यावर तो सिग्नल देणं बंद करतो.

नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या मर्सिडीजचा एक कुप्रसिद्ध दोषही लक्षात ठेवावा. इंजिनाच्या वायरिंगवरचं आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळून पडतं. वायर हलकेच वाकवून पाहिली की कळतं. त्यात आपल्याकडे उंदरांची भर, पावसाळ्यात जास्तच.

डिझेल ई २५० डी चा मामला वेगळा. तिथे ठिणगी नाही, ग्लो प्लग असतात. इंधनाच्या पारदर्शक नळ्यांत बुडबुडे दिसले तर कुठून तरी हवा शिरतेय.

चावीचा घोळ

पुढच्या पिढ्यांत चोरी रोखणारी यंत्रणाही आडवी येते. २००७ नंतरच्या सी-क्लासमध्ये (डब्ल्यू२०४) चावी घातली तरी स्टिअरिंग सुटत नाही आणि डॅशबोर्ड जागा होत नाही, असं झालं तर इलेक्ट्रॉनिक स्टिअरिंग लॉकवर संशय घ्यावा. दुसरी चावी लावून पाहणं हा पहिला उपाय.

हे करू नका

सलग सेल्फ मारत बसू नये. दहा सेकंद पुरे, मग थोडी विश्रांती. नाहीतर सेल्फ तापतो आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन नवा खर्च उभा राहतो. ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून सुरू होत नाही, त्यामुळे सोसायटीतल्या पोरांना हाक मारण्यात अर्थ नाही. गॅरेजला न्यायचीच असेल तर चारही चाकं वर घेणारा फ्लॅटबेड मागवावा. मागची चाकं रस्त्यावर फरफटत नेली तर गिअरबॉक्सला इजा होऊ शकते. आणि मेकॅनिकला ‘स्टार्ट होत नाही’ एवढंच सांगू नये. आवाज कसा येतो, गाडी गरम होती की थंड, कोणते दिवे लागले आणि व्होल्टेज किती होतं, हे चारही तपशील फोनवरच द्यावेत.