उमेदवारी, मुलकी आणि ओळख : हैदराबादच्या मराठी नोकरदारांची जुनी गोष्ट



हल्ली घरातली मुलं नोकरी शोधताना 'नेटवर्किंग' हा शब्द फार वापरतात. हायटेक सिटीत तो नवा वाटत असेल, आपल्या पणजोबांना मात्र ही गोष्ट चांगली माहीत होती. त्यांचा शब्द होता उमेदवारी. आता उमेदवार म्हटलं की निवडणूक आठवते. तेव्हाचा उमेदवार म्हणजे उमेद धरून कचेरीत बिनपगारी बसणारा पोरगा. नकला करायच्या, दप्तर बांधायचं, अक्षर सुधारायचं. कधीतरी जागा रिकामी व्हायची, आणि शेजारी बसणारा जुना कारकून साहेबाला सांगायचा की पोरगा कामाचा आहे. तेवढ्या एका वाक्यासाठी महिनेच्या महिने जायचे.

मनमाडहून येणाऱ्या मीटरगेज गाडीनं औरंगाबाद, परभणी, नांदेडकडची किती पोरं हैदराबादला आणून सोडली, याची मोजदाद नाही. इथं उतरल्यावर पहिली अडचण भाषेची. सरकारी कामकाज उर्दूत. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथलं शिक्षणही उर्दूतून. दुसरी भानगड मुलकीची. 1919 च्या फर्मानानं सरकारी नोकऱ्या मुलकींसाठी राखल्या. पुण्या-सोलापूरहून आलेल्याला मुलकी ठरायला 15 वर्षांचा रहिवास लागे, शिवाय परत गावी जाण्याचा विचार सोडला असं लिहून द्यावं लागे. नोकरीसाठी गाव कागदावर सोडायचं! मराठवाड्यातला माणूस जन्मानंच मुलकी, पण सुलतान बाजारात त्याला ओळखतो कोण?

इथं केशवराव कोरटकरांचं (1867–1932) नाव घ्यायलाच हवं. वसमत तालुक्यातला हा माणूस आधी गुलबर्ग्यात राहिला, मग हैदराबादला येऊन वकिलीत नाव काढलं, पुढे हायकोर्टाचा न्यायाधीश झाला. 1907 साली विवेक वर्धिनी निघाली, त्यात ते पुढे होते. वामनराव नाईकांसारखी माणसंही त्या काळच्या सगळ्या सार्वजनिक कामांत असायची. आपण विवेक वर्धिनीला शाळा म्हणतो, पण तिथं व्याख्यानं व्हायची, सभा भरायच्या. नव्या पोरानं तिथं सतरंजी उचलली, वर्गणी गोळा केली, हिशेब चोख दिला, की चार वकील-मास्तर त्याला नावानं ओळखू लागायचे. अर्ज देण्याआधीच माणूस पारखला जायचा. माझ्या मते वशिला आणि ओळख यांतला फरक इथंच आहे. वशिल्याचा माणूस काम निघालं की उगवतो. ओळखीचा काम नसतानाही येऊन बसतो, चहा घेतो, तुमच्या आजीचं दुखणं विचारतो.

हे सगळं छान छान सांगून थांबता येणार नाही. नोव्हेंबर 1921 मध्ये याच विवेक वर्धिनीत सामाजिक परिषद भरली, अध्यक्ष महर्षी कर्वे. अल्लमपल्ली वेंकटरामराव तेलुगूत बोलायला उभे राहिले आणि श्रोत्यांनी हुर्यो उडवून त्यांना बोलू दिलं नाही. त्यात आपल्या लोकांचा वाटा मोठा होता. त्याच रात्री दुखावलेली तेलुगू मंडळी एकत्र बसली, आंध्र जनसंघम निघाला, आणि त्यातून पुढे आंध्र महासभा. ज्या गावात पोट भरायचं, तिथल्या निम्म्या लोकांची भाषा ऐकून घ्यायची नाही आणि मग ओळखी कमी पडतात म्हणायचं, हे कसं चालेल? आपल्या कार्यक्रमांत हा प्रसंग कोणी फारसा काढत नाही. काढायला पाहिजे.

उलट उदाहरण निलंग्याच्या सेतुमाधवराव पगडींचं (1910–1994). हैदराबाद सिव्हिल सर्व्हिसमधला हा अधिकारी आदिलाबादकडे गेला तेव्हा गोंडी शिकला, आणि शिकला म्हणजे नुसता बोलला नाही, त्या भाषेचं व्याकरण लिहिलं. फार्सी-उर्दूवरची हुकमत तर होतीच. पुढे मुंबईला गेल्यावर मराठ्यांच्या इतिहासासाठी हीच पुंजी कामी आली.

1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले. सरकारी नोकरांची वाटणी झाली. एका घरातला थोरला औरंगाबादला, धाकटा इथंच, असं कितीतरी घरांत झालं. जे राहिले त्यांची मराठी आता दरबारात कुठंच नव्हती, आणि उर्दूही हळूहळू मागं पडत होती. मग आपले लोक तेलुगू शिकले, हौ, मोडकी का होईना, पण शिकले. मराठी साहित्य परिषदेनं मासिकाला नाव दिलं 'पंचधारा' : मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, हिंदी. पुढे रामचंद्रपुरमला बीएचईएल आलं, 1967 साली ईसीआयएल निघालं. तिथं नव्यानं लागलेल्या मराठी पोराचा शेजारचा टेबलवाला बहुधा तेलुगूच असायचा, आणि भाड्याची खोली असो की बायकोच्या बाळंतपणाला डॉक्टर, पहिली धाव त्याच्याकडेच.

कोणाच्या घरी जुनं मुलकी सर्टिफिकेट किंवा 56 सालचा बदलीचा हुकूम अजून असेल, तर रद्दीत टाकू नका. घरातल्या मोठ्यांना विचारा की त्या वेळी शब्द कोणी टाकला होता. ते नाव कागदाच्या मागं लिहून ठेवा.